शेत सांभाळून लोहारकाम: पहिल्या भट्टीपासून पहिल्या खुरप्यापर्यंत

शेतकऱ्याच्या घरात लोहारकाम शिकायला विषय शोधावा लागत नाही. पहारेचं टोक बसलेलं असतं, खुरप्याची मूठ निसटलेली असते, गोठ्यात दोर अडकवायला काहीतरी हवं असतं. म्हणून माझं सांगणं असं, की सुऱ्या-तलवारींचे व्हिडिओ बघून सुरुवात करू नका. घरच्या अवजारांच्या दुरुस्तीतून शिका. झिजलेलं अवजार हातात घेतलं की ते कुठे वाकलं, कुठे फार कडक होऊन तुटलं, हे समोर दिसतं. आणि आज केलेली दुरुस्ती उद्या रानात तपासूनही होते. आठवड्यातून एक-दोनदा तास-दीड तास मिळाला तरी एवढं काम सहज बसतं.

आधी लोहाराकडे जा

एके काळी लोहार बारा बलुतेदारांपैकी एक होता. वर्षभर गावाची अवजारं चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचं, असा व्यवहार होता. आता बलुतं गेलं, लोहारशाळाही कमी झाल्या. तरी बहुतेक बाजारगावांत एखादी भट्टी पेटते, आणि पेरणीच्या तोंडावर घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहारांची कुटुंबं रस्त्याकडेला ऐरण मांडून बसलेली दिसतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई घण मारते. त्या दोघांचा ताल बघत उभं राहिलं तरी पुष्कळ शिकायला मिळतं.

आपलं एखादं काम घेऊन जा, पैसे चोख द्या आणि बघू का म्हणून विचारा. कोणत्या रंगाला लोखंड बाहेर काढलं, किती घावांनंतर परत आगीत घातलं, घाव टोकावर पडला की मागे, एवढंच पहिल्या दिवशी बघा. जमलं तर भाता ओढायला बसा. एक गोष्ट मात्र पाळा: हात बसल्यावर गावभरची कामं फुकट करून त्यांच्या पोटावर पाय देऊ नका. आपलं घर, आपलं शेत एवढ्यावरच हौस ठेवा.

जागा आणि वेळ

भट्टी गोठ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून चांगली लांब हवी. ठिणगी कुठवर उडेल याचा नेम नसतो, म्हणून वारा सुटला की त्या दिवशी भट्टी पेटवायची नाही. पाण्याची भरलेली घागर आणि वाळूचं घमेलं हाताशी असू द्या. तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड उत्तम. बंद खोलीत कोळसा कधीच पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणसाला कळायच्या आत गुंगी येते.

सावलीही हवीच. भर उन्हात काळसर वाटणारं लोखंड सावलीत लाल दिसतं, आणि लोहारकामाचं सगळं गणित या रंगावर आहे. पायाखाली माती बरी. काँक्रीटवर तापलेलं लोखंड पडलं तर कपची उडते.

धार काढायच्या वेळी ठोकाठोक नको. गाय बिचकली की पान्हा चोरते. माझ्या मते शिकायला सगळ्यात चांगले दिवस दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे: हवा कोरडी, आगीजवळ बसणं सुसह्य आणि कोळसा सादळलेला नाही. एप्रिल-मेमध्ये पेरणीआधीच्या दुरुस्त्या निघतात, पण रान वाळलेलं असतं. ते काम पहाटे, वारा सुटायच्या आत उरकावं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं धुऊन पुजेसाठी एका जागी येतात. त्या दिवशी ती चालवत नाहीत, पण कोणतं बोथट, कोणाची मूठ हलते, याची यादी करायला तो दिवस फार सोयीचा.

गुरं असलेल्या घराने आणखी एक काळजी घ्यायलाच हवी. चाऱ्याबरोबर तारेचा तुकडा किंवा खिळा गाईच्या पोटात गेला, तर तो जाळीपोटात अडकतो आणि तिथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोचू शकतो. म्हणून काम संपलं की जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून ऐरणीभोवतीची सगळी जमीन फिरून काढा. कापलेले तुकडे डब्यात टाका, अंगणात पडू देऊ नका. हा नियम मी घरातल्या लहान मुलांनाही लावून दिला आहे, आणि चुंबक फिरवायचं काम ती आवडीने करतात.

भट्टी

जाड पत्र्याचं जुनं घमेलं किंवा टेंपोचा जुना ब्रेक ड्रम पुरतो. चिकणमाती, बारीक वाळू आणि थोडी चाळलेली राख कालवून आतून दोन इंच जाड लिंपा आणि मधे वाटीसारखा खड्डा ठेवा. बाजूला भोक पाडून इंचभर व्यासाची काळी लोखंडी नळी आत घ्या. तिचं तोंड खड्ड्याच्या तळापासून दोन-तीन इंच वर आणि किंचित खाली कललेलं असावं, म्हणजे राख साचून ते बुजत नाही. घमेलं उथळ असतं, म्हणून काठावर विटा मांडून आगीची खोली वाढवा. लिंपण सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या, मग काटक्यांची बारीक आग करून उरलेली ओल घालवा. ओलं लिंपण एकदम तापवलं तर फुटून उडतं.

नळी जीआयची, म्हणजे जस्ताच्या मुलाम्याची नको, घमेल्यालाही जस्ताचा मुलामा नको. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं आणि भट्टीत त्याहून जास्त उष्णता असते. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. जुनी जीआय पाइप, मुलाम्याची तार, मुलाम्याचे नट-बोल्ट हे कधीच आगीत घालू नका.

हवेसाठी हाताने फिरवायचा पंखा घ्या. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. तिच्या भरवशावर भट्टी चालत नाही. शिवाय हाताच्या पंख्याला थांबलं की हवा थांबते, त्यामुळे नवख्याचं लोखंड जळत नाही आणि कोळसाही वाचतो.

कोळसा बाभळीचा लाकडी घ्या. आमच्या दुष्काळी पट्ट्यात वेड्या बाभळीचा कोळसा सहज मिळतो आणि तोही चालतो. लिंबाएवढे तुकडे करा, भुकटी चाळून काढा. दगडी कोळशाची धग जास्त दाट, पण सुरुवातीचा धूर आणि गंधकाचा वास घराजवळ नकोसा होतो. लाकडी कोळसा पंधरा मिनिटांत तयार होतो. थोडकाच वेळ हाती असणाऱ्याला तोच बरा.

लोखंड आगीत घालायची रीत नीट लक्षात घ्या. नळीच्या तोंडासमोर ते धरलं तर वारा थेट लागून पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात आणि धातू वाया जातो. नळीच्या तीन-चार बोटं वर, आडवं, वरून-खालून कोळसा, असं ठेवा. काम संपल्यावर उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात भरून घट्ट झाकण लावलं की विझतात आणि पुढच्या वेळी कामी येतात. राख मात्र त्याच दिवशी उकिरड्यावर टाकू नका. वाळक्या शेणात एखादा निखारा आत शिरला तर दिवसेंदिवस धुमसत राहतो.

ऐरण, हातोडा, सांडस

भंगारवाल्याकडून पंचवीस-तीस किलोचा जाड पोलादी ठोकळा मिळाला तर तुमची ऐरण झाली. तोही नाही मिळाला, तर आठ-दहा किलोच्या घणाचं मुंडकं बाभळीच्या ओंडक्यात अर्धं रुतवून त्याच्या तोंडावर पहिली कितीतरी कामं होतात. बेअरिंगमधली गोळी वीतभर उंचीवरून ठोकळ्यावर टाकून बघा. ती चांगली उसळली तर ठोकळा कडक, तिथेच बसली तर मऊ. उंची अशी ठेवा, की सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मूठ ऐरणीच्या तोंडाला टेकेल. ऐरण उंच झाली की खांदा दुखतो, बुटकी झाली की कंबर.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरणीला फार चांगला, असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे. लिलावात घेतलेल्या मालाची रीतसर पावती दाखवणारा विक्रेता असेल तरच घ्या. भंगारवाला 'काही होत नाही' म्हणाला म्हणून घेऊ नका.

हातोडा किलोभराचा किंवा त्याहून थोडा हलका. तोंडाच्या कडा घासून गोल करा, नाहीतर प्रत्येक घावाला लोखंडावर चंद्रकोर उमटते. सांडशी मात्र गावातल्या लोहाराकडून करून घ्या: एक चपट्या पट्टीला, एक गोल सळईला बसणारी. सांडस सैल असली की तापलेला तुकडा निसटून पायावर येतो, म्हणून तिच्यात काटकसर नको.

अंगात सुती कपडे हवेत. नायलॉन-पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. पदर-ओढणी खोचलेली, पायात कातडी बूट, पँट बुटावरून खाली आलेली. दुमडलेल्या घडीत ठिणगी बसते. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा लागतोच. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही. भाजतं ते काळं झालेलं, थंड वाटणारं. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची सवय लावा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या.

कोणतं लोखंड कशाला

घरामागच्या ढिगात तीन जाती सापडतील. बांधकामाची सळई, पट्ट्या, अँगल हे मऊ लोखंड: खुंट्या, आकडे, कड्या यांना उत्तम, पण त्याला पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम गार करूनही, धार टिकत नाही. टीएमटी सळईचा वरचा थर कारखान्यात पाण्याने कडक केलेला असतो. भट्टीत गेल्यावर तो गुण निघून जातो. दुसरी जात गाडीच्या पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांची. हे बहुधा ईएन 45 सारखं स्प्रिंगचं पोलाद असतं, कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आत. खुरपं, विळा, छिन्नी यांना हेच घ्या. तिसरं बीड, म्हणजे ओतीव लोखंड: जुन्या नांगरांचे काही भाग, जुन्या इंजिनांचे ठोकळे. बीड तापवून ठोकलं की तुकडे होतात. ते बाजूलाच ठेवा.

ओळखायला ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ, पोलादाच्या टोकाला फुटून झुडपासारख्या पसरणाऱ्या, बिडाच्या आखूड आणि तांबूस.

पहिलं काम: गोठ्यातला आकडा

दहा मिलिमीटरची चौकोनी सळई, हातभर लांब घ्या. लांब असल्यामुळे दुसरं टोक गार राहतं आणि सांडस लागत नाही. टोकाचे तीन-चार इंच पिवळसर नारिंगी होईपर्यंत तापवा. टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर ठेवा, मागचा हात किंचित उचला आणि हातोडाही तेवढाच कलता मारा. दोन-तीन घाव, पाव फिरकी, परत दोन-तीन घाव, मागे फिरकी. फक्त या दोन बाजूंवर काम करत अडीच-तीन इंच चौकोनी निमुळतं टोक काढा. घाईने गोल करायला गेलात तर आतून चीर पडते. आधी चौकोन, मग कडा मारून अष्टकोन, मग गोल, हाच क्रम ठेवा.

रंग मंद लाल झाला की थांबा आणि पुन्हा ताव द्या. त्यानंतर ठोकण्याने हात दुखतो, लोखंड हलत नाही. दुसरीकडे, टोक बारीक झाल्यावर तेच सगळ्यात आधी तापतं. पांढऱ्या ठिणग्या फुटू लागल्या तर लोखंड जळतंय, तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

आता टोकाचा अर्धा इंच ऐरणीच्या कडेवरून उलट वाकवून बारीक कर्ल पाडा. शोभेपलीकडेही त्याचं काम आहे: उघडं टोक राहिलं तर मान झटकणाऱ्या जनावराचा कान किंवा डोळा त्यात अडकू शकतो. मग पुढचा ताव देऊन आकडा पाइपच्या तुकड्यावर वळवा. मागची बाजू छिन्नीने तोडा, ठोकून चपटी करा आणि सुंभ्याने, म्हणजे भोक पाडायच्या पोलादी दांडीने, भोक पाडा. एका बाजूने खोल मारा, उलटल्यावर गोल काळा ठिपका दिसेल, त्यावर दुसऱ्या बाजूने मारलं की चकती सुटते. लोखंड काळं पण गरम असताना तारेच्या ब्रशने घासून जवसाचं तेल चोळा. कोकणासारख्या दमट हवेत हे तेल वरचेवर लावावं लागतं.

असे आकडे करत राहा. दोन आकडे शेजारी ठेवल्यावर सारखे दिसू लागले की पुढे जा.

पहारेचं टोक

हे काम माझ्या विशेष आवडीचं, कारण पाणी देण्याची कला त्यात डोळ्यांनी दिसते. पहार जड आणि लांब, म्हणून मागे टेकण हवं आणि घण मारायला दुसरा माणूस. जाड लोखंडाला ताव आतपर्यंत मुरायला वेळ लागतो; बाहेरून नारिंगी झालं तरी जरा थांबा. चारही बाजूंनी ठोकून टोक पुन्हा काढा, मग पहार राखेत खुपसून सावकाश गार करा.

आता परत तीन इंच तापवा, लालभडक, चुंबक चिकटणार नाही इतकं. पोलाद साधारण 770 अंशांच्या पुढे चुंबकाला धरत नाही, ही फार उपयोगी खूण आहे. फक्त टोकाचा इंचभर पाण्यात बुडवा आणि थोडं वर-खाली हलवत राहा, म्हणजे एकाच रेषेवर चीर पडत नाही. मागचा भाग अजून लाल असतानाच बाहेर काढा आणि विटेच्या तुकड्याने टोक भराभर घासून उजळ करा. मागची उष्णता टोकाकडे सरकू लागते आणि उजळ धातूवर रंग चालत येताना दिसतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. मुरमाड रानातल्या पहारेला जांभळा टोकाला पोचला की पूर्ण बुडवा. पिवळ्यावर थांबलात तर दगडावर टोक उडेल, निळा निघून करडा आला तर पहिल्याच दिवशी बसेल. स्वस्तातल्या काही पहारी मऊ लोखंडाच्या असतात. त्यांना कितीही पाणी द्या, कानस सहज धरते, म्हणजे टोक मऊच राहतं. तिथे टोक काढून घेण्यावर समाधान मानावं.

खुरपं

पिकअपचा आठ मिलिमीटर जाड पाटा घ्या. आधी ब्रशने घासून नीट बघा. जुन्या पाट्यात बारीक चिरा असतात, तो भाग टाकून द्या. ग्राइंडरने इंचभर रुंद लांब पट्टी कापा आणि पातं तिच्या टोकावरच घडवा, कारण आखूड तुकडा सांडशीत ठरत नाही. हातोड्याच्या चोचीने आडवे घाव घालून पातं रुंद करा, तोंडाने सपाट करा, आणि घरच्या जुन्या खुरप्याशी लावून बाक जुळवा. मग मुठीत जाणाऱ्या शेपटीपुरतं लोखंड ठेवून पट्टीपासून तोडा, शेपटी चौकोनी निमुळती काढा आणि मान वाकवा. पाट्याचं पोलाद मंद लालच्या खाली ठोकू नका, तडकतं.

घडण झाली की चुंबक सोडेल इतकं तापवून हवेत गार करा, असं तीनदा. ठोकण्याने आत आलेला ताण यात जातो. कानशीने धार काढून घ्या, पण कडेला मिलिमीटरभर जाडी राहू द्या. फार पातळ कड तेलात वाकते.

या पोलादाला पाण्यापेक्षा तेल बरं, पाण्यात चिरा पडायचा धोका असतो. पत्र्याच्या डब्यात दोन-तीन लिटर शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल, डबा दोन-तृतीयांश भरलेला, जवळ घट्ट झाकण. इंजिनचं जळकं तेल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. एक तापलेला तुकडा बुडवून तेल कोमट करून घ्या. पातं एकसारखं लाल करा, चुंबक सोडल्यावर आणखी जरासं, आणि धारेकडून सरळ बुडवा. वर-खाली हलवा, आडवं नाही. भडका उडालाच तर झाकण टाका. तेलाच्या आगीवर पाणी कदापि नको.

गार झाल्यावर कानस फिरवून बघा. घसरली तर पाणी चढलं. आता पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून त्याच बैठकीत हलकं तापवून थोडा कडकपणा उतरवून घ्यायचा. पातं सँडपेपरने उजळ करा, लोखंडाचा एक जाड ठोकळा तापवा आणि त्यावर पात्याची पाठ टेकवा. रंग पाठीकडून धारेकडे सरकतील. खडकाळ जमिनीला धार जांभळी-निळसर होईपर्यंत थांबा, काळ्या मऊ जमिनीला तपकिरी-जांभळ्यावर उचला आणि लगेच पाण्यात घाला.

मूठ बाभळीची किंवा बोरीची, चांगली वाळलेली. तोंडाशी पाइपचं कडं बसवा, म्हणजे लाकूड फाटत नाही. शेपटीपेक्षा थोडं बारीक भोक पाडा, पातं ओल्या फडक्यात गुंडाळा आणि फक्त शेपटी तापवून मुठीत दाबा. ती स्वतःची जागा जाळत आत जाते आणि घट्ट बसते. फडकं ओलं राहायलाच हवं, नाहीतर कमावलेला कडकपणा याच क्षणी उतरतो.

खुरपं खुरपणीला द्या आणि संध्याकाळी धार बघा. कड वळली असेल तर पुढच्या वेळी रंग एक पायरी अलीकडे धरा, कपची उडाली असेल तर एक पायरी पुढे जाऊ द्या. कोणत्या पाट्याला कोणता रंग मानवला, ते त्याच पाट्याच्या उरलेल्या तुकड्यावर खडूने लिहून ठेवा.